जपानचे अतिवास्तववादी कवी : ताकिगुची शूझो

1941 सालच्या मार्च महिन्याची 5 तारीख. टोकियो शहराच्या पश्चिम भागातील एका साध्या घरात पहाटेच पोलीस शिरले. घरधनी अजून अंथरुणातच होते. घराची झडती झाली आणि त्या सदतीस वर्षांच्या गृहस्थांस सुगिनामी येथील पोलीस ठाण्यात नेऊन कोठडीत घालण्यात आले. त्यांनी कुठे बाँब ठेवला नव्हता, की सैन्यात फितुरी माजविली नव्हती. त्यांनी कविता लिहिल्या होत्या, चित्रांविषयी लेख लिहिले होते आणि एका फ्रेंच पुस्तकाचे भाषांतर केले होते. त्या कविता तर अशा की, पकडावयास आलेल्या शिपायांपैकी एकाला तरी त्यांतील चार ओळींचा अर्थ लागला असता की काय, याची शंकाच आहे. त्याच दिवशी शहरात दुसरीकडे फुकुझावा इचिरो या नामांकित चित्रकारासही पकडण्यात आले. दोघांवर संशय एकच : अतिवास्तववादाच्या आडून हे लोक आंतरराष्ट्रीय साम्यवादी चळवळीशी संधान बांधून आहेत.

त्या कवीचे नाव ताकिगुची शूझो. जपानी रिवाजाप्रमाणे यात ताकिगुची हे आडनाव व शूझो हे स्वतःचे नाव. कवी म्हणून त्यांची कीर्ती फार उशिरा पसरली. कलासमीक्षक म्हणून मात्र विसाव्या शतकातील जपानी चित्रकलेच्या इतिहासात त्यांचे नाव वगळून एक प्रकरणही पुरे होत नाही.

मराठी श्रोत्याला या पंथाचे नाव परके वाटण्याचे कारण नाही. मूळ फ्रेंच शब्दाला आपण ‘अतिवास्तववाद’ असा प्रतिशब्द घडविला. जपान्यांनीही तेच केले. त्यांचा शब्द ‘चोगेन्जित्सुशुगी’. त्यातील ‘चो’ म्हणजे अति किंवा पलीकडचे, ‘गेन्जित्सु’ म्हणजे वास्तव आणि ‘शुगी’ म्हणजे वाद. एकमेकींचा गंधही नसलेल्या दोन भाषांनी एका परदेशी शब्दासाठी अगदी सारख्याच मापाचे वस्त्र शिवावे, ही गंमत नोंदवून ठेवण्याजोगी आहे. गोम इतकीच की, या ‘अति’ने दोन्हीकडे थोडा घोटाळा होतो. हा पंथ वास्तवापासून पळून जाणाऱ्यांचा आहे, असा ग्रह होतो. आन्द्रे ब्रेताँ याने 1924 साली पॅरिसमध्ये आपला जाहीरनामा काढला तेव्हा त्याला अभिप्रेत होते ते निराळेच. ब्रेताँने वैद्यकाचे शिक्षण घेतले होते; पहिल्या महायुद्धात मनोरुग्ण सैनिकांची शुश्रूषा केली होती; फ्रॉइडचे सिद्धान्त वाचले होते. जागृती आणि स्वप्न ही दोन वेगळी राज्ये नसून एकाच विशाल प्रदेशाचे दोन प्रांत आहेत, आणि विवेकाचा पहारा क्षणभर उठविला तर लेखणीतून त्या सबंध प्रदेशाची भाषा उतरेल, असा त्याचा विश्वास होता. म्हणून हे लोक न थांबता, न खोडता, मनात येईल तसे लिहीत. यास ते स्वयंचलित लेखन म्हणत. त्यातून पुष्कळ कचरा निघाला हे कबूल केले पाहिजे. पण थोडे सोनेही निघाले.

ताकिगुचींचा जन्म 7 डिसेंबर 1903 रोजी तोयामा प्रांतातील एका खेड्यात झाला. जपानी समुद्राच्या बाजूचा हा प्रदेश बर्फासाठी प्रसिद्ध आहे. वडील डॉक्टर होते. मुलानेही तोच व्यवसाय उचलावा, ही अपेक्षा अशा घरात असणारच. पण 1915 मध्ये वडील वारले, 1922 मध्ये आई गेली, आणि पुढच्या वर्षी हा एकाकी तरुण टोकियोच्या केइओ विद्यापीठात दाखल झाला तो वाङ्मयाचे वेड डोक्यात घेऊनच. विल्यम ब्लेक हा त्याचा आवडता इंग्रज कवी. ब्लेक कवीही होता आणि चित्रकारही. शब्द आणि रेषा यांत त्याने कधी भिंत घातली नाही. पुढे ताकिगुचींच्या आयुष्याने जे वळण घेतले त्याची पहिली खूण येथे दिसते.

विद्यापीठात पहिले वर्ष जेमतेम सुरू होते, तोच 1 सप्टेंबर 1923 रोजी दुपारच्या सुमारास टोकियो व योकोहामा या शहरांना भूकंपाचा तो प्रचंड हादरा बसला. चुली पेटलेल्या होत्या. लाकडी घरे कोसळली आणि आगीचे लोळ उठले. एक लाखाहून अधिक माणसे प्राणास मुकली. ज्या शहरात शिकावयाचे तेच उद्ध्वस्त झालेले पाहून ताकिगुचींनी विद्यापीठ सोडले आणि उत्तरेकडे होक्काइदो बेटावरील ओतारू बंदरात राहणाऱ्या बहिणीकडे ते गेले. शिक्षण तिथेच संपले असते. 1925 मध्ये ते परत आले व पुन्हा नाव घातले. हे परत येणे किती मोलाचे ठरले, याची त्यांनाही तेव्हा कल्पना नसेल.

कारण त्याच सुमारास निशिवाकी जुन्झाबुरो हे विद्वान ऑक्सफर्डहून मायदेशी परतले होते आणि लवकरच केइओमध्ये प्राध्यापक झाले. हा मनुष्य विलक्षण. इंग्रजी, फ्रेंच, लॅटिन या भाषा त्यांस अवगत. लंडनमध्ये त्यांनी आपला इंग्रजी कवितांचा संग्रह स्वतः छापलेला. पत्नी इंग्रज चित्रकर्त्री. युरोपात काल-परवा काय छापले गेले याची खबर त्यांच्या बैठकीत मिळे. विद्यार्थी घरी जमत, चर्चा चाले, पुस्तके हातोहात फिरत. ब्रेताँ, एलुआर, आरागाँ यांची नावे ताकिगुचींनी ऐकली ती येथेच. चांगल्या शिक्षकाच्या घरची एखादी बैठक कधीकधी संपूर्ण अभ्यासक्रमापेक्षा अधिक शिकवून जाते, हे कोणाही अध्यापकाला पटेल.

या मंडळींनी 1927 च्या अखेरीस एक लहानसा कवितासंग्रह काढला. जपानमधील अतिवास्तववादी कवितेचा हा पहिला संग्रह समजला जातो. त्याचे नाव मराठीत सांगायचे तर ‘हे सुगंधी आगवाल्या!’ आगगाडीच्या किंवा बोटीच्या भट्टीत कोळसा टाकणारा, घामाने निथळलेला, काजळीने माखलेला माणूस. आणि त्याला विशेषण सुगंधी! सर्व पंथाचे मर्म या दोन शब्दांत आले आहे. जे कधी शेजारी बसत नाहीत ते शब्द शेजारी बसवायचे आणि त्यांच्या घर्षणातून ठिणगी उडते का ते पाहायचे. उडाली तर ती कविता. न उडाली तर नुसता विक्षिप्तपणा. ताकिगुचींच्या कवितांत ठिणगी उडण्याचे प्रमाण त्यांच्या बहुतेक समकालीनांपेक्षा जास्त होते. ‘भूगोलनिर्मितीचा सिद्धान्त’ किंवा ‘निरपेक्षास चुंबन’ अशा अर्थाच्या मथळ्यांच्या त्यांच्या त्या काळच्या रचना गद्य आहेत की पद्य, याचा निवाडा करण्याच्या भरीस न पडलेलेच बरे. त्यांत विरामचिन्हे गळून पडतात, एक प्रतिमा संपण्याआधीच दुसरी उगवते, आणि वाचकाला एखाद्या अनोळखी समुद्रात उतरल्यासारखे वाटते. विशेष हे की, ताकिगुची स्वतः त्यांना कविता म्हणावयास कचरत. प्रयोग म्हणत.

1930 मध्ये, पदवीधर होण्यापूर्वीच, त्यांनी ब्रेताँच्या ‘अतिवास्तववाद आणि चित्रकला’ या पुस्तकाचे जपानी भाषांतर प्रसिद्ध केले. मूळ पुस्तक पॅरिसमध्ये निघून अवघी दोनच वर्षे झाली होती. ब्रेताँची फ्रेंच वाक्ये लांब, वळणावळणाची, पोटवाक्यांनी लगडलेली. ती जपानीत आणणे म्हणजे डोंगरातून वाट काढण्यासारखे काम. कित्येक ठिकाणी ते भाषांतर दुर्बोध झाले असेल. परंतु पिकासो, मीरो, मॅक्स अर्न्स्ट, द किरिको यांच्या चित्रांकडे कोणत्या दृष्टीने पाहावे हे जपानी चित्रकारांना प्रथम या पुस्तकाने सांगितले. कवी चित्रांच्या दुनियेत शिरला तो असा, भाषांतराच्या दाराने. आणि शिरला तो पुन्हा बाहेर आलाच नाही.

1931 साली पदवी मिळाली. पोटासाठी पुढे त्यांनी एका चित्रपट कंपनीत नोकरी धरली. चित्रीकरण चालू असता कोणत्या दृश्यात कोण कुठे उभा होता, कोणाच्या हातात काय होते, याची बारकाईने नोंद ठेवण्याचे ते काम. स्वप्नांचा उपासक दिवसभर वस्तूंची जागा लिहीत बसे! हा विरोध वरवरचाच आहे. त्यांच्या समीक्षेतील सर्वात मोठा गुण हाच की, ते आधी नीट पाहत आणि मग बोलत. चित्रावर मत लादण्यापेक्षा चित्रापाशी थांबून राहण्याची त्यांची वृत्ती होती.

दरम्यान फुकुझावा इचिरो हे चित्रकार सुमारे सात वर्षांच्या वास्तव्यानंतर पॅरिसहून परतले होते आणि त्यांच्या विचित्र, उपरोधिक चित्रांनी तरुणांत खळबळ उडविली होती. चित्रकारांचे लहान लहान संघ निघू लागले. ताकिगुची त्यांचे अघोषित मार्गदर्शक झाले. नागोया येथील कवी यामानाका चिरू यांचा एलुआर आदी फ्रेंच कवींशी पत्रव्यवहार होता. या दोघांनी मिळून जून 1937 मध्ये टोकियोच्या गिन्झा भागात परदेशी अतिवास्तववादी कलाकृतींचे प्रदर्शन भरविले. पॅरिस व लंडन येथील मित्रांनी साहित्य पाठविले. मूळ तैलचित्रे एवढ्या दूर येणे शक्य नव्हते. त्यामुळे छायाचित्रे, मुद्रिते आणि रेखाटने यांचाच भरणा होता. तरीही गर्दी लोटली. प्रदर्शन पुढे क्योतो, ओसाका, नागोया या शहरांतही गेले. मूळ चित्र न पाहता छायाचित्रावरून एखाद्या पंथाची दीक्षा घेणाऱ्या त्या तरुणांचा उत्साह आज थोडा भाबडा वाटेल. पण दूरदेशीच्या ज्ञानाची भूक ज्यांनी अनुभवली आहे त्यांना त्यात हसण्यासारखे काही दिसणार नाही.

त्या प्रदर्शनाला महिना होतो न होतो, तोच 7 जुलै 1937 रोजी पेकिंगजवळच्या मार्को पोलो पुलापाशी गोळीबार झाला आणि जपान व चीन यांच्यात उघड युद्ध पेटले. त्याच वर्षाच्या शरदात ताकिगुचींच्या कवितांची, आबे या चित्रकाराच्या रेखाटनांसह, एक छोटी पुस्तिका मोजक्या प्रतींत निघाली. त्यानंतर त्यांचा कवितेचा झरा जवळजवळ आटला. पुढे त्यांनी स्वतःच आपल्या काव्यप्रयोगांची मर्यादा 1927 ते 1937 अशी आखली आहे. गद्य मात्र चालू होते. 1938 मध्ये ‘आधुनिक कला’ हे पुस्तक आले, आणि 1940 मध्ये काटालोनियाचा चित्रकार जोन मीरो याच्यावर त्यांनी लहानसे पुस्तक लिहिले. मीरोवर स्वतंत्रपणे लिहिलेले जगातील पहिले पुस्तक ते हेच, असे मानतात. युरोपात युद्धाचा वणवा पेटलेला असताना मीरोच्या तारकांचा व पक्ष्यांचा पहिला चरित्रकार टोकियोत बसलेला असावा, यात मोठे औचित्य आहे.

आता पोलिसांकडे वळले पाहिजे. जपानात 1925 साली शांतता-रक्षणाचा कायदा झाला होता. राज्यपद्धती किंवा खासगी मालमत्ता यांच्याविरुद्ध संघटना उभारणाऱ्यांसाठी तो होता. पण अशा कायद्यांचा हात लांबच होत जातो. 1928 मध्ये त्यात देहान्ताची शिक्षा घातली गेली. त्याची अंमलबजावणी करणारे विशेष पोलीस ‘तोक्को’ या नावाने कुप्रसिद्ध होते. साम्यवादी संपले, समाजवादी संपले, उदारमतवादी प्राध्यापक गप्प बसले, आणि मग या यंत्राला नवे भक्ष्य हवे झाले. 1940 च्या मार्चमध्ये कोबे येथील तरुण कवींच्या एका मंडळाची धरपकड झाली. नंतर एका वर्षाने ताकिगुची आणि फुकुझावा यांची पाळी आली. त्याच महिन्यात तो कायदा आणखी कडक करण्यात आला.

पोलिसांचा तर्क पूर्णपणे निराधार होता असेही म्हणता येत नाही, आणि हीच त्यातली गुंतागुंत आहे. ब्रेताँ व त्याचे सोबती 1927 मध्ये फ्रेंच साम्यवादी पक्षात शिरले होते. 1930 मध्ये त्यांनी काढलेल्या नियतकालिकाच्या नावातच क्रांतीच्या सेवेची भाषा होती. टोकियोच्या पोलिसांच्या टिपणात एवढे आले असावे. परंतु कविता आणि पक्षाची शिस्त यांचे फार दिवस जमले नाही. 1935 पर्यंत ब्रेताँची त्या पक्षाशी फारकत झाली, आणि 1938 मध्ये तर तो मेक्सिकोत जाऊन स्टालिनचा हाडवैरी ट्रॉट्स्की याच्याबरोबर बसून कलेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहून आला. म्हणजे मॉस्कोच्या दृष्टीने हे लोक शत्रू, आणि टोकियोच्या दृष्टीने मॉस्कोचे हस्तक! आणखी एक योगायोग असा : ताकिगुची कोठडीत गेले त्याच मार्च महिन्यात ब्रेताँ मार्सेय बंदरातून बोटीत बसून युरोप सोडून चालला होता. फ्रान्सवर जर्मनांचा अंमल बसला होता व त्याला तेथे राहणे धोक्याचे झाले होते. गुरू निर्वासित, शिष्य बंदिवान.

कोठडीतील चौकशी पुन्हा पुन्हा त्याच एका मुद्द्यावर येई : अतिवास्तववाद आणि साम्यवाद यांचा संबंध काय? विचारणाराला हवे होते ते एक सरळ वाक्य. ज्याने दहा वर्षे भाषेला सरळ वाक्याच्या दावणीतून सोडविण्यासाठी खर्च केली, त्याच्याकडूनच सरळ वाक्य हवे होते. कवितेचा अर्थ विचारणारे पुष्कळ भेटतात. वर्गातील मुले विचारतात, संपादक विचारतात. पण उत्तर चुकले तर तुरुंग, अशा अटीवर अर्थ विचारला जाणे ही गोष्ट वेगळी. आठ महिने हे चालले. त्यांच्यावर शेवटपर्यंत खटला भरला गेला नाही. नोव्हेंबर 1941 मध्ये दोघांनाही सोडण्यात आले, आणि पुढच्याच महिन्यात पर्ल हार्बरवर हल्ला झाला.

सुटका झाली म्हणजे मोकळीक मिळाली असे नव्हे. पोलिसांची नजर होतीच. फुकुझावांसारख्या चित्रकाराला पुढे युद्धचित्रे काढावी लागली. ताकिगुचींनी परराष्ट्रांशी सांस्कृतिक संबंध राखणाऱ्या एका संस्थेत नोकरी केली आणि दिवस काढले. 1945 च्या हवाई हल्ल्यांत त्यांचे कोएन्जी येथील घर जळाले. त्याबरोबर पुस्तके, पत्रे व हस्तलिखिते गेली. विशीत भूकंपाची आग पाहिलेल्या माणसाने चाळिशीत बाँबची आग पाहिली. पहिल्या आगीनंतर तो शहर सोडून गेला होता. 

युद्धोत्तर ताकिगुचींकडे पाहिले म्हणजे एक प्रश्न पडतो. तुरुंगवास भोगलेला लेखक नव्या राजवटीत मानाच्या खुर्चीवर बसू शकला असता. आपल्या आठ महिन्यांचे भांडवल करून व्याख्याने झोडता आली असती. त्यांनी तसे काही केले नाही. ते पुन्हा चित्रे पाहू लागले, वृत्तपत्रांत व मासिकांत लिहू लागले; आणि सर्वात महत्त्वाचे म्हणजे नावारूपास न आलेल्या मुलामुलींची चित्रे पाहू लागले.

टोकियोच्या कान्दा भागात ताकेमिया नावाचे एक चित्रसाहित्याचे दुकान होते. 1951 मध्ये त्या दुकानाच्या एका भागात प्रदर्शनासाठी जागा काढण्यात आली आणि कोणाची चित्रे लावायची हे ठरविण्याचे काम ताकिगुचींवर सोपविले गेले. कलावंताकडून भाडे घ्यावयाचे नाही, हा तेथला नियम. ज्यांना हे व्यवहार ठाऊक आहेत त्यांस या नियमाचे मोल कळेल. कारण टोकियोत जागेचे भाडे भरूनच नवख्या चित्रकाराला भिंत मिळत असे. 1957 पर्यंत येथे दोनशेहून अधिक प्रदर्शने झाली. ताकिगुचींनी या कामाबद्दल पैसा घेतला नाही. पुढे जगभर गाजलेल्या कुसामा यायोई या तेव्हा मात्सुमोतो गावातील एक अप्रसिद्ध तरुणी होत्या; त्यांच्या आरंभीच्या प्रयत्नांना ज्यांनी पाठबळ दिले त्यांत ताकिगुची होते.

त्याच 1951 साली काही तरुण चित्रकार, संगीतकार, कवी व प्रकाशयोजनाकार यांचा एक गट त्यांच्याभोवती जमला. त्याला त्यांनी नाव दिले ‘जिक्केन कोबो’, म्हणजे प्रयोगाची कार्यशाळा. ‘प्रयोग’ हा त्यांचा जुनाच शब्द. या गटातील बहुतेकांना कलाशाळेचे रीतसर शिक्षण नव्हते. नृत्य, ध्वनिफीत, पडद्यावरील चित्रे आणि वाद्यसंगीत यांचा मेळ घालणारे कार्यक्रम त्यांनी केले. त्यांतील विशी-एकविशीचा एक मुलगा म्हणजे ताकेमित्सु तोरू. हाच पुढे जपानचा सर्वात विख्यात आधुनिक संगीतकार झाला. ताकिगुचींचे ऋण त्याने आयुष्यभर मानले. गंमत अशी की, या तरुणांच्या बैठकीत ताकिगुची फारसे बोलत नसत. बोलघेवड्या ब्रेताँचा हा शिष्य मितभाषी होता. ब्रेताँ आपल्या अनुयायांना पंथातून बहिष्कृत करण्याबद्दल प्रसिद्ध होता. ताकिगुचींनी कोणाला बहिष्कृत केल्याचे ऐकिवात नाही.

1958 मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, ते प्रथमच युरोपात गेले. व्हेनिस येथील द्वैवार्षिक चित्रप्रदर्शनात जपानी विभागाचे काम पाहण्यासाठी त्यांची नेमणूक झाली होती. ज्या चित्रांविषयी तीस वर्षे लिहिले त्यांतील कित्येक त्यांनी तेव्हा प्रथम डोळ्यांनी पाहिली असतील! स्पेनच्या किनाऱ्यावर ते साल्वादोर दालीच्या घरी गेले व तेथेच मार्सेल द्यूशाँ यांची भेट झाली. पॅरिसमध्ये ब्रेताँच्या अभ्यासिकेत, आदिवासींच्या मुखवट्यांच्या व चित्रांच्या गर्दीत, भाषांतरकार आणि मूळ लेखक अखेर समोरासमोर बसले. मधली वर्षे अठ्ठावीस. एका बाजूला परागंदा होणे आणि दुसऱ्या बाजूला कोठडी.

प्रवासाहून परतल्यावर त्यांच्या लेखनात पालट झाला. वृत्तपत्रासाठी ठरावीक मुदतीत, ठरावीक शब्दांत मत देण्याचा त्यांना वीट आला असावा. हळूहळू त्यांनी ते बंद केले. प्रदर्शनांसाठी ते लिहीत, पण ते लिखाण चित्रकाराला पाठविलेल्या खासगी पत्रासारखे असे. आणि 1960 च्या सुमारास त्यांनी स्वतः कागदावर रेघा ओढावयास आरंभ केला. एका कागदावर रंग सोडून दुसरा कागद त्यावर दाबायचा व अलगद उचलायचा. मग गुहा, शेवाळ, ढग, पाण्याखालचे डोंगर असे काहीतरी आपोआप उमटते. ही युक्ती अतिवास्तववादी चित्रकार दोमिंगेझ याने 1930 नंतरच्या दशकात रूढ केली होती. ताकिगुचींनी असे शेकडो कागद केले व पुष्कळ वाटून टाकले. परदेशी निघालेल्या मित्रांना ते हाताने केलेले एक छोटे पारपत्र भेट देत. त्यास ‘स्वातंत्र्याचा परवाना’ म्हणत. परदेशाशी संधान असल्याच्या संशयावरून ज्याला कोंडले त्याने परवाने वाटावेत!

न्यायालयाशी त्यांचा आणखी एकदा संबंध आला, पण या खेपेस आरोपी म्हणून नव्हे. आकासेगावा गेन्पेई या तरुण कलावंताने 1963 मध्ये हजार येनच्या नोटेची एका बाजूची प्रतिमा छापून ती आपल्या प्रदर्शनाच्या निमंत्रणासाठी व वस्तू गुंडाळण्यासाठी वापरली. सरकारने त्याच्यावर नोटेची नक्कल केल्याचा आरोप ठेवला. 1966 मध्ये खटला उभा राहिला तेव्हा बचावासाठी पुढे आलेल्या समीक्षकांत साठी उलटलेले ताकिगुची होते. न्यायालयाच्या दालनात कलाकृती मांडून दाखविण्यात आल्या; असला देखावा त्या दालनाने पूर्वी पाहिला नव्हता. ही कला आहे, हे न्यायाधीशांना काही अंशी पटले. ती गुन्हाही आहे, हे अधिक पटले. आकासेगावाला दोषी ठरवून तहकूब शिक्षा झाली आणि 1970 मध्ये वरिष्ठ न्यायालयाने ती कायम केली. निकाल कोणास काहीही वाटो. पण येथे निदान उघड्या दालनात, वकिलासमोर वाद झाला. 1941 मध्ये तेवढेही नव्हते.

1967 च्या डिसेंबरात ताकिगुचींच्या तरुणपणीच्या कविता प्रथमच एकत्र ग्रंथरूपाने निघाल्या. कवीचे वय चौसष्ट. तीस-चाळीस वर्षांपूर्वी जुन्या मासिकांत विखुरलेले हे लिखाण नव्या पिढीने असे वाचले की जणू ते काल लिहिले आहे. ग्रंथाच्या नावात ‘कविता’ असा शब्द नव्हता. ‘काव्यविषयक प्रयोग’ असा होता. भीड म्हणावी की हट्ट, कोण जाणे. मीरो 1966 मध्ये जपानात आला असता दोघांची भेट झाली होती. त्या मैत्रीतून 1970 मध्ये ‘हाताने केलेल्या म्हणी’ हे पुस्तक झाले. ताकिगुचींचे शब्द आणि मीरोचे रंग एका पानावर आले. मीरोवरचे ते छोटे पुस्तक लिहून तेव्हा तीस वर्षे लोटली होती.

द्यूशाँशी जडलेला स्नेह याहूनही चमत्कारिक. ताकिगुचींना एक कल्पित दुकान काढावयाचे होते. त्यात विकण्यासाठी काहीच नाही, केवळ मित्रांनी दिलेल्या व वाटेत सापडलेल्या वस्तू. दुकानाला नाव काय द्यावे, असे त्यांनी द्यूशाँला पत्राने विचारले. द्यूशाँने ‘रोझ सेलावी’ हे नाव आपल्या हस्ताक्षरात धाडले. हे नाव त्याने 1920 च्या सुमारास स्वतःसाठी निर्माण केलेल्या एका काल्पनिक स्त्रीचे; उच्चाराच्या श्लेषातून त्याचा अर्थ ‘काम हेच जीवन’ असाही निघतो. ताकिगुचींनी त्या अक्षरांची पाटी करविली. दुकान कधी उघडले नाही. वस्तू मात्र नीशी-ओचिआइ येथील त्यांच्या घरात एवढ्या साठल्या की अभ्यासिकेत पाय ठेवावयास जागा उरली नाही. आज त्या तोयामाच्या कलासंग्रहालयात पाहावयास मिळतात, आणि पुस्तके टोकियोतील तामा कलाविद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत.

त्या घराच्या बागेत एक ऑलिव्हचे झाड होते. त्याला फळे धरत. ती फळे मुरवून लहान बरण्यांत भरून ते मित्रांना देत, आणि बरणीवर चिठ्ठी असे : ‘नोहाचे ऑलिव्ह’. जलप्रलय ओसरला की नाही हे पाहण्यासाठी नोहाने तारवातून सोडलेले कबूतर सायंकाळी चोचीत ऑलिव्हचे कोवळे पान घेऊन परतले, ही कथा बायबलच्या पहिल्याच पुस्तकात आहे. ताकिगुचींनी त्या चिठ्ठीवर अधिक खुलासा केला नाही.

1 जुलै 1979 रोजी त्यांचे निधन झाले. तोयामातील त्यांच्या जन्मगावच्या मंदिराच्या आवारात त्यांची समाधी आहे. दगडाच्या मागच्या बाजूस, द्यूशाँच्या हस्ताक्षरात, त्या कधी न उघडलेल्या दुकानाचे नाव कोरलेले आहे.